पहिली मॉडेल गाडी: जोडा, रंगवा आणि मग विचार करून मळवा

प्लास्टिकचं किट आणून गाडी जोडणारे बरेच जण रंग वाळला की थांबतात. गाडी चकचकीत दिसते, कपाटात बसते, विषय संपतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांना पुढे जाऊन गाडी जुनी करायची असते, गंजवायची, धुळीत लोळवायची असते, त्यांच्यातले निम्मे पहिल्याच गाडीला सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासून बसतात. मग ती गाडी जुनी दिसत नाही, घाण दिसते. मळ कुठे बसतो आणि गंज कुठून सुटतो, याला प्रत्येक ठिकाणी कारण असतं. ते कारण आधी शोधायचं आणि मगच ब्रश उचलायचा. म्हणून या लेखात जोडणी आणि रंग आटोपशीर सांगतो आणि मळवण्यावर जास्त वेळ घालवतो.

किट कोणतं घ्यावं

गाड्यांच्या प्लास्टिक किटमध्ये १:२४ हे प्रमाण सर्वांत जास्त चालतं. खऱ्या गाडीचे चोवीस सेंटिमीटर म्हणजे मॉडेलवर एक. अमेरिकन किट बहुधा १:२५ ची असतात, कारण तिथल्या मोटार कंपन्या विक्रेत्यांसाठी ज्या छोट्या प्रतिकृती काढत, त्या या मापाच्या असत. १:४३ किंवा १:६४ ने सुरुवात करू नका. तिथे दाराची मूठ म्हणजे मोहरीचा दाणा.

उदाहरणासाठी मी तामियाचं १:२४ मधलं १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३०० हे किट घेतो. तामिया जपानमधल्या शिझुओकाची. आओशिमा आणि फुजिमी या कंपन्याही त्याच शहरातल्या, हासेगावा शेजारच्या याइझूची. तामियाचे भाग एकमेकांत नीट बसतात, नवख्याला पुटी लावत बसावं लागत नाही. बीटलचं अंग गोल आहे, त्यामुळे स्प्रेमधल्या बारीक चुका तिच्यावर कमी दिसतात. लांब सपाट बॉनेटच्या गाडीवर त्याच चुका लांबून ओळखू येतात. तयार मॉडेल साधारण सतरा सेंटिमीटर भरतं. आपल्याकडे आयात किट काही हजारांत जातं, तेव्हा डबा उघडल्यावर आधी सूचनापत्रकाप्रमाणे भाग मोजून घ्या.

टेबलावर काय हवं

प्लास्टिक कापायचा बारीक कटर, धारदार हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर, चांगला मास्किंग टेप, आणि पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, जोडायचा पातळ गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात. कटर, नाइफ आणि टेप यांत पैसे वाचवू नका. हार्डवेअरच्या दुकानातला जाड पिवळट मास्किंग टेप कडेने रंग आत झिरपू देतो.

चिकटवायचं तीन प्रकारचं लागतं, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, म्हणून ते फक्त उघड्या प्लास्टिकवर चालतं. रंग लावलेल्या किंवा क्रोम चढवलेल्या जागी आधी तेवढा थर खरवडावा लागतो. फेविक्विकसारखा गोंद धातूच्या भागांना ठीक, पण काचांच्या आसपास नको. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धूर बसवते. काचा बसवायला साधा फेविकॉल पातळ लावा. वाळल्यावर दिसत नाही, आणि बाहेर आलेला ओल्या कापसाने पुसता येतो.

जोडणी

भाग ज्या प्लास्टिकच्या जाळीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात. भाग पिरगाळून तोडू नका. पहिला काप भागापासून थोडा लांब घ्या, दुसरा जवळ, आणि उरलेला ठिपका नाइफने व पेपरने काढा. आधी सगळ्या स्प्रू भांडी धुवायचं लिक्विड टाकलेल्या कोमट पाण्यात धुवून घ्या. साच्यातून सुटायला मारलेल्या तेलाचा अंश प्लास्टिकवर राहिला असेल तर रंग तिथे धरत नाही.

बॉडी उजेडात तिरकी धरून फिरवा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे केसासारखी उठलेली रेघ दिसेल, बहुतेकदा मडगार्डवर किंवा छताच्या खांबांवर. ६०० च्या पेपरने ओलं घासून ती घालवा. उलट दार आणि बॉनेटच्या फटी मुद्दाम थोड्या खोल करा. नाइफची बोथट पाठ त्याच रेषेतून दोन-तीनदा हलकेच ओढली की पुरे. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर चढले की या फटी बुजतात, आणि नंतर गाडी एकसंध साबणाच्या वडीसारखी दिसते.

चासी, आतली बैठक आणि बॉडी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवा. पण कोरडी जुळवणी करून बघा, म्हणजे गोंद न लावता टेपने बांधून चाकं चौरस बसतात का ते तपासा. चारपैकी एक चाक टेबलापासून उचललेलं असेल तर पुढची सगळी मेहनत त्या एका चाकापायी वाया.

रंग: आधी हवा बघा

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लॅकर (तीव्र द्रावकाचा, झटपट वाळणारा रंग) स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रंग दुधाळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ही तक्रार हमखास येते. पावसाळा जोडणीला ठेवा आणि स्प्रे गणपतीनंतर उघडीप मिळाली की करा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. काटा साठ टक्क्यांच्या खाली असेल तर बिनधास्त मारा. पुणे-नाशिकवाल्यांना वर्षातले जास्त महिने मिळतात, त्यांचा हेवा वाटतो.

दुसरी गोष्ट नाकातोंडाची. धुळीचा साधा मास्क कण अडवतो, द्रावकाची वाफ नाही. ऑर्गॅनिक व्हेपर काट्रिज असलेला मास्क घ्या आणि मोकळ्या बाल्कनीत किंवा गच्चीवर काम करा. शेजारच्यांचे कपडे वाळत असतील तर वेळ बदला.

तामियाच्या स्प्रे कॅनवर टीएस आणि पीएस अशी अक्षरं असतात. आपल्यासारख्या स्टायरीनच्या किटला टीएस, तो लॅकरच असतो. पीएस हा रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतो, तो घेऊ नका. गॅरेजसाठी रंग विकणाऱ्या दुकानातला ऑटो स्प्रेही चालू शकतो, पण काही रंग प्लास्टिकला चरे पाडतात. आधी स्प्रूच्या तुकड्यावर किंवा प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर मारून बघा. चमचा बॉडीसारखा वक्र असतो, त्यामुळे रंग ओघळतो की नाही तेही कळतं.

क्रम असा. प्रथम राखाडी प्रायमर. तो वाळल्यावर राहिलेले सगळे ओरखडे दिसतात, ते १००० च्या पेपरने काढा. कॅन काही मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. कोमट म्हणजे हाताला सुखद, उकळतं नव्हे. वीस ते तीस सेंटिमीटरवरून, गाडीच्या बाहेर स्प्रे सुरू करून, गाडीवरून सरळ नेऊन, पलीकडे बाहेर थांबवायचा. पहिले दोन थर फक्त धुक्यासारखे, खालचं प्लास्टिक दिसत राहिलं तरी चालेल. मग एक ओलसर थर. तो ओला दिसतो तिथेच हात थांबवायचा. लोभाने मारलेला आणखी एक फवारा मडगार्डच्या खाली थेंब धरतो.

रंग कोणता? मळवायच्या गाडीला फिका, मातकट रंग घ्या. फिकट निळा, मोतिया, राखाडी-हिरवा. त्यांच्यावर धूळही दिसते आणि गंजही. लाल गाडीवर लाल माती दिसत नाही.

वाळला का, हे बोटाने नाही, नाकाने तपासतात. बॉडी नाकाशी धरून वास येत असेल तर द्रावक अजून बाहेर पडतोय. वास पूर्ण गेल्याशिवाय मास्किंग टेप लावू नका, टेपचा ठसा उमटतो.

काचांचे काळे रबर, बंपर आणि आतला भाग ब्रशने ॲक्रिलिकने रंगवा. क्रोमच्या पट्ट्यांसाठी लिक्विड क्रोमचं पेन चांगलं काम देतं. ते शेवटी वापरा आणि त्याला हात लावू नका. वर क्लिअर मारला तर चमक जाते. नंबरप्लेट छापणार असाल तर एक बारकावा लक्षात घ्या. एमएच-०८, एमएच-१२ ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत, काळ्या पाटीवर पांढरे. १९६६ च्या गाडीला एमएच लावलंत की जाणता माणूस लगेच बोट ठेवतो. बीटल रत्नागिरीत उभी करायची असेल तर स्टिअरिंगही उजवीकडे हवं.

कोणता थर कोणावर

मळवायला सुरुवात करण्याआधी एवढं पाठ करा. सर्वांत खाली लॅकर, त्यावर पाण्याचं ॲक्रिलिक, त्यावर इनॅमल आणि तेलरंग. तेलरंग पातळ करणारं टर्पेंटाइन वाळलेल्या लॅकरला किंवा ॲक्रिलिकला सोडवत नाही, म्हणून वरचा मळ पसंत पडला नाही तर पुसता येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो. उलटा क्रम केलात तर लॅकर खालच्या इनॅमलला सुरकुत्या पाडतो. पाण्याचं ॲक्रिलिक मात्र पूर्ण वाळलेल्या तेलरंगावर चालतं, पुढे ते तसं वापरायचं आहे. आणखी एक: टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकमध्ये, विशेषतः ताण असलेल्या बारीक दांड्यांमध्ये शिरलं तर ते तडकतं. रंग नसलेल्या जागी ते साचू देऊ नका.

आता मळ

ब्रश हातात घेण्याआधी फोनवर फोटो काढायला बाहेर पडा. रिक्षा स्टँड, एसटी डेपोच्या बाहेरची पार्किंग, गॅरेजच्या मागे वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी. प्रत्येक डागाला विचारा, तू इथे कसा आलास? उत्तरं बहुतेक चारच असतात: चाकाने उडवलं, पाण्याने वाहून आणलं, उन्हाने विटवलं, माणसाच्या हातापायाने घासलं. धूळ खालून वर विरळ होत जाते. छत आणि बॉनेट आधी विटतं, दारं नंतर. चाकाच्या मागच्या बाजूला चिखलाचा पंखा असतो. मागच्या काचेवर पुढच्यापेक्षा जास्त धूळ बसते, कारण चालत्या गाडीच्या पाठीमागे हवा घुमते आणि धूळ तिथेच ओढली जाते. पुढच्या काचेवर वायपरने पुसलेले दोन कमानदार स्वच्छ पट्टे. मुठीभोवती मात्र धूळ नाही, तिथे बोटं लागतात.

मग ते तुमच्या गाडीला लावून पाहा. बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं. पुढे रेडिएटर नाही, म्हणून पुढून कूलंट गळल्याचे डाग काढायचे नाहीत. धुराची काजळी मागच्या बंपरखालच्या दोन नळकांड्यांभोवती आणि त्यांच्या वरच्या पत्र्यावर. पेट्रोल भरताना सांडल्याचा ओघळ बऱ्याच जणांना बाजूला काढावासा वाटतो. १९६६ च्या बीटलमध्ये पेट्रोलचं झाकण पुढच्या बॉनेटखाली असे, ते बाहेर आलं १९६८ च्या मॉडेलपासून. तेव्हा आपल्या गाडीच्या बाजूला तो ओघळ चूक आहे. गंजाच्या खऱ्या जागा म्हणजे फूटबोर्ड, मडगार्ड बॉडीला बोल्टने जोडलेल्या कडा आणि दाराखालचे पोकळ चॅनेल. त्यांत ओल साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

पहिलं पाऊल, वॉश, म्हणजे फटींत उतरणारा अगदी पातळ रंग. कॅम्लिनच्या ट्यूबमधला रॉ अंबर हा तपकिरी तेलरंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तासभर ठेवा. जास्तीचं तेल पुठ्ठा शोषतो आणि रंग लवकर वाळतो. मग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा. बारीक ब्रशचं टोक दाराच्या फटीला टेकवा. रंग आपोआप फटीतून पळतो, हे बघायला फार मजा येते. त्यासाठी खालचा रंग चकचकीत हवा, खरखरीत असेल तर डाग पसरतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनने जेमतेम ओलावलेल्या ब्रशने जास्तीचं पुसा, नेहमी वरून खाली. शुद्ध काळा वॉश टाळा. फिक्या गाडीवर तो पेनाने ओढलेल्या रेघांसारखा दिसतो.

दुसरं, ऊन. छतावर आणि बॉनेटवर पांढऱ्या, पिवळट आणि फिकट निळ्या तेलरंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या आणि जवळजवळ कोरड्या रुंद ब्रशने ते विरघळेपर्यंत पसरवा. ठिपका वेगळा ओळखू येता कामा नये. रंगाला नुसती उतरती छटा आली की झालं.

तिसरं, खरचटणं आणि गंज. पॅकिंगच्या स्पंजचा तुकडा फाडून, गडद तपकिरी ॲक्रिलिकमध्ये बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा. मग कडांवर हलकेच टेकवा. इथे प्रमाण विसरू नका: मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच सेंटिमीटर पत्रा उघडा. जुना गंज काळपट तपकिरी असतो, भगवा फक्त ताज्या, ओल्या कडेला. नवखे नेमकं उलट करतात, भगव्याने सुरुवात. तपकिरी वाळल्यावर काही मोजक्याच टवक्यांखाली बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी तेलरंगाचा ठिपका देऊन सरळ खाली ओढा. पाणी ज्या वाटेने उतरेल तीच वाट. हेअरस्प्रेचा थर देऊन वरचा रंग ओल्या ब्रशने खरवडायची एक सुंदर पद्धत आहे, पण तिला वरचा रंग पाण्याचा ॲक्रिलिक लागतो. लॅकर स्प्रेच्या गाडीवर ती चालत नाही, म्हणून पुढच्या किटला.

चौथं, धूळ आणि चिखल. इथे मला सर्वांत जास्त रस आहे, कारण इथे गाडीचा पत्ता ठरतो. कोकणात जांभ्याची तांबडी माती. घाटावर काळी माती, वाळल्यावर राखाडी. एकाच गाडीला दोन्ही लावायचं तर प्रवास ठरवून लावा: खाली जुनी राखाडी, वर ताजी तांबडी. विकत मिळणारे पिगमेंट, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडी, चांगले असतात, पण कोकणी धुळीसाठी तुळशीच्या कुंडीला लावतात तो गेरू मला जास्त पटतो. लोहाची तीच लाली, आणि दहा-वीस रुपयांत आयुष्यभराचा साठा. त्यात खडूची पूड मिसळून दोन-तीन छटा करा, कारण नुसता गेरू फार भडक. राखाडीसाठी खडू आणि कोळशाची पूड. सगळं वस्त्रगाळ हवं. अर्धा मिलिमीटरचा कण १:२४ मध्ये बारा मिलिमीटरची खडी होतो. रांगोळी वापरायचा मोह टाळा, ती चमकते. खऱ्या अंगणातली माती घ्यायची असेल तर आधी तव्यावर चांगली भाजा, नाहीतर बंद कपाटात तिला बुरशी येते.

काचांवर टेप लावून आख्ख्या गाडीवर पाण्याच्या ॲक्रिलिकचा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, क्लिअर मारा. चकचकीत पृष्ठभागावर धूळ ठरत नाही. पुढच्या काचेवर धूळ हवी असेल तर टेपमधून वायपरच्या कमानी कापून त्या तेवढ्या झाका आणि बाकीची काच मोकळी ठेवा. मग मऊ कोरड्या ब्रशने पूड खालच्या भागाला टिपून लावा, वर जाताना कमी करा. आवडली की टर्पेंटाइनचा थेंब बाजूला टेकवून तिला आत शोषू द्या. ओली असताना गडद, जवळजवळ काळी दिसेल. घाबरून आणखी पूड टाकू नका, पूर्ण वाळल्यावर खरा रंग येतो.

चिखलासाठी तीच पूड थोड्या ॲक्रिलिक मॅट मीडियममध्ये (रंग नसलेलं, बिनचमकीचं ॲक्रिलिक) घट्ट कालवा. जुन्या ब्रशवर घेऊन, टूथपिकने केसांना झटका देऊन चाकामागे उडवा. दिशा चाकाच्या फिरण्याची. मडगार्डच्या आत जाड, बाहेर ठिपके. टायर आधी ६०० च्या पेपरवर फिरवून त्यांची चमक आणि मधली साच्याची रेघ काढा, मग नक्षीच्या खाचांत पूड भरा आणि रस्त्याला टेकणारा भाग बोटाने पुसा. चालती गाडी तिथे स्वच्छ असते. उभी राहून सडलेली असेल तर पुसू नका.

शेवटी फूटबोर्डवर चढता-उतरता बुटांनी पुसलेली जागा ठेवा, ड्रायव्हरच्या बाजूला जास्त.

काचा, क्रोम आणि दिवे आता बसवा, किंवा बसवले असतील तर ओल्या कापसाच्या बोळ्याने साफ करा. टर्पेंटाइनने बसवलेली पूड बोटाला येतेच, म्हणून इथून पुढे गाडी बाजूने धरायची नाही, चासीखालून उचलायची. झाकणाच्या पेटीत ठेवा आणि उन्हापासून लांब, नाहीतर खरी धूळ चढते, आणि तिचा कण आपल्या मापाचा नसतो.